दोन्ही हात वर

रविवारी सकाळी नऊ वाजून एकेचाळीस मिनिटांनी, दुसऱ्या गीताच्या तिसऱ्या कडव्यात, चर्चचा ऑर्गन मध्येच बंद झाला.

वीज गेली नव्हती. दिवे चालू होते, पाळकांसमोरचा माईक चालू होता, ऑर्गनमध्येही काही बिघाड नव्हता. ऑर्गन वाजवणारी ताई दोन्ही पंजे पट्ट्यांपासून चार बोटे वर उचलून दगडासारखी बसली होती. पायसुद्धा उचललेले. मंडळी आणखी चार-पाच शब्द गात राहिली आणि मग एकेक आवाज गळत गेला. सर्वांत शेवटी थांबले दातांचे डॉक्टर, कारण ते नेहमीच अर्धी ओळ मागे असतात.

त्या शांततेत शंभरेक माणसांनी जे पाहिले ते असे: दुसऱ्या बाकाशी मामा उभे होते. दोन्ही हात डोक्याच्या वर, कोपरे ताठ, तळवे समोर.

मामा म्हणजे ताईच्या आईचे सख्खे भाऊ. गोदीत एकतीस वर्षे सिग्नलमन. त्याच गोदीत ताई नऊ वर्षांपासून क्रेन चालवते. साठ फुटांवरच्या काचेच्या केबिनमधून खालची माणसे तिला मुंग्यांएवढी दिसतात. त्या मुंग्यांपैकी एकीचेच हात तिच्या कामाचे, पिवळ्या हातमोज्यांतले. बोट गरगर फिरले की माल वर. तळवा खाली दाबला की खाली. एक हात वर, थांब. आणि दोन्ही हात वर, तळवे समोर, म्हणजे जे काही चालू आहे ते सगळे या क्षणी बंद. या शेवटच्या खुणेला कारण विचारायचे नसते. ताईच्या हातांत दोन दांडे असतात, ते सोडले की ब्रेक आपोआप लागतो. तीन वर्षांपूर्वी लोखंडी दोराचा एक पेड तुटला, तेव्हा मामांचे हात वर गेले आणि बारा टन माल दोन हमालांच्या डोक्यांवर हातभर अंतरावर थांबला. ताईला कारण नंतर कळले. तिचे हात डोक्याची परवानगी घेत नाहीत. त्या रविवारीही त्यांनी ती घेतली नाही.

आता, ऑर्गन भिंतीकडे तोंड करून आहे, मग तिला मामा दिसले कसे? ऑर्गनच्या वर एक आरसा आहे. पाळक कधी उठतात, कधी बसतात ते कळावे म्हणून मामांनीच तो बसवून दिलेला. मोडीत निघालेल्या ट्रकचा, बाहेरगोल. त्यात पाळकही दिसतात आणि पुढचे चार बाकही. काम करायचे तर दणकट, ही मामांची पद्धत.

पण हा आरसा आजवर कुणाला नडला नव्हता, कारण मामा उपासनेत हात वर करतच नसत. त्या मंडळीत हात वर करणारे पुष्कळ होते. टाळ्या वाजवणारे होते, डोलणारे होते, मागच्या बाकावरच्या दोघीतिघी तर जागच्या जागी ठेकाही धरत. मामा मात्र हात बाजूला सोडून ताठ उभे राहत. पोरासोरांनी त्यांचे नाव ‘खांब’ ठेवले होते आणि ते मामींनीच सुचवले होते, असा बोभाटा होता. मामांचे उत्तर ठरलेले असे. “सहा दिवस माझे हात बडबड करतात. सातव्या दिवशी त्यांना सुट्टी. देवाला मी तसाही ऐकू येतो.”

मग त्या दिवशी असे काय झाले? झाले ते इतकेच. मामींचा खुबा मोडून सात महिने झाले होते. सात महिने त्या बसून गात होत्या. त्या रविवारी तिसरे कडवे सुरू झाले, तशी त्यांनी काठी बाकावर आडवी ठेवली आणि कुणाचा आधार न घेता उभ्या राहिल्या. राहिल्या तर राहिल्या, दोन्ही हातही वर केले. मामांनी बाजूला पाहिले. पुढचे त्यांनाही कळले नाही.

पाळकांनी प्रसंग ओळखला आणि “आमेन. आपण बसू या,” म्हणाले. चौथे कडवे राहूनच गेले. मामांनी हात खाली घेतले, एकदा तळव्यांकडे पाहिले आणि ते पँटच्या खिशांत घातले. उपासना संपेपर्यंत ते बाहेर आले नाहीत.

नंतर अंगणात मामींना हसू आवरेना. “साठ वर्षं खांब हलला नाही,” त्या म्हणाल्या, “आणि हलला तर ह्या बयेनं ब्रेक लावला.”

“मामी, मी मुद्दाम केलं का?” ताईचे कान लाल झाले होते.

“मुद्दाम केलं असतंस तर मी दोन शब्द सुनावले असते. आता सुनावायचं तरी कुणाला?”

मामा लांब, पायरीशी उभे होते. ताई त्यांच्याकडे गेली. “मामा, चुकलं माझं.”

“चुकलं कसलं? बरोबर थांबलीस. एवढ्या गोंगाटात थांबलीस. मला तर बरं वाटलं.”

“मग पुढच्या रविवारी पुन्हा करा. मी थांबणार नाही.”

“नको गं. झालं एकदा. देवानं पाहिलं असेल तेवढं.”

मामा खोटे बोलत नाहीत, पण बोलताना त्यांचे हातही नेहमी सोबत बोलतात. ह्या वेळी हात खिशात होते. ताईने ते पाहिले आणि तिला रात्रभर तेच दिसत राहिले. जन्मात एकदा ह्या माणसाचे हात कामाशिवाय वर गेले होते, आणि ते तिने अर्ध्यात तोडले. ते त्यांना परत मिळवून द्यायचेच, असे तिने ठरवले. तिला वाटले, सोपे आहे. सवय तर मोडायची.

बुधवारी संध्याकाळी, गोदीची पाळी सुटल्यावर, तिने मामांना चर्चमध्ये ओढत आणले. मामी स्वतःहून आल्या, काठी टेकत, “तमाशा चुकवायचा नाही,” म्हणत. रिकाम्या बाकांपैकी पहिला त्यांनी पकडला. मामा दुसऱ्या बाकाशी उभे राहिले. ताई ऑर्गनवर बसली आणि तेच गीत वाजवू लागली.

“करा,” ती म्हणाली.

मामांनी हात वर केले. ऑर्गन बंद.

“एकच करून बघा.”

एक हात वर गेला. ऑर्गन बंद.

“बोट फिरवू का?” मामांनी विचारले. त्यांनी बोट फिरवले, तर ऑर्गनची पट्टी चढली आणि गीत पळायला लागले. मामी काठीवर हनुवटी टेकून खुदखुदत होत्या.

“अहो, इतर लोक कसे करतात ते बघितलंय ना? असे, कोपरातून वाकवून. तळवे वर,” मामींनी करून दाखवले. “सैल. जरा सैल सोडा की अंग.”

मामांनी करून पाहिले. “हे म्हणजे कुणी वरून पोतं टाकतंय आणि मी झेलतोय असं वाटतं.”

“मग झेला. आशीर्वाद वरूनच येतो.”

“अगं, त्या दिवशी मी ठरवून काही केलं नव्हतं. आपोआप गेले ते असे सरळच गेले. मला हात वर करायची दुसरी तऱ्हाच येत नाही. आता शिकून केलं तर ते ड्रिल होईल.”

तेव्हा राहिला एकच मार्ग: हात सरळच वर जायचे, आणि ताईने वाजवतच राहायचे. तिसऱ्या खेपेला ती थांबली. चौथ्या खेपेला थांबली, पण एक सूर उशिरा. पाचव्या खेपेला तिने ओठ चावून उजवा हात चालू ठेवला, डावा सुटला. सहाव्या खेपेला मामांचे हात वर गेले आणि गीत चालू राहिले. ओळ संपली, दुसरी सुरू झाली, कडवे पूर्ण झाले. शेवटचा सूर धरून ताईने आरशात पाहिले. तिला वाटले होते, मामा हसतील.

मामांचा चेहरा पांढरा पडला होता. हात अजून वरच होते.

“थांबली नाहीस,” ते म्हणाले.

“तेच तर जमवायचं होतं ना?”

मामांनी हात हळूहळू खाली आणले. “उद्या सकाळी सातला चौदा टनांची पत्र्याची गुंडाळी आहे. खाली सहा माणसं. हे शिकू नकोस, पोरी. शिकलीस तेवढं विसर.”

मामींचे हसू थांबले. ताईने ऑर्गनचे झाकण लावले. पट्ट्यांवर कापड घालायचे ती विसरली.

गोदीत त्या दोघांचा एक जुना रिवाज आहे. दिवसाचा पहिला माल उचलण्याआधी ताई रिकामा हूक वर नेते, आणि मामा मनाला येईल त्या क्षणी दोन्ही हात वर करतात. क्रेनच्या पायावर मामांनी पांढऱ्या रंगाने वीत-वीत अंतरावर रेघा मारून ठेवल्या आहेत. खूण मिळाल्यापासून हूक किती रेघा पुढे जातो, ते ते मोजतात. नऊ वर्षांत उत्तर एकच: एक रेघ. पावसात एक, थंडीत एक, ताईला ताप होता त्या दिवशीही एक.

गुरुवारी सकाळी सहा पन्नासला हूक दोन रेघा गेला.

मामांनी तळवा खाली दाबला, हूक खाली घ्यायला लावला आणि ताईला उतरायची खूण केली. साठ फुटांची शिडी उतरून ती खाली आली.

“मी दांडे लगेच सोडले होते, मामा.”

“सोडलेस. पण आधी विचार केलास.”

“विचार केला नाही.”

“मग तुझ्या हातांनी केला. चहा घे.”

गुंडाळी थांबली. ट्रक थांबले. मुकादमाने घड्याळ दाखवले, मामांनी त्याला पाठ दाखवली. चहा झाल्यावर त्यांनी तिला पुन्हा वर पाठवले आणि रिकाम्या हुकाची परीक्षा घेतली. दीड रेघ. पुन्हा. दीड. पुन्हा. सव्वा. सातव्या वेळी हूक एका रेघेवर थांबला, आठव्या आणि नवव्या वेळीही. तेव्हा कुठे सात चाळीसला चौदा टन जमिनीवरून सुटले.

दुपारी जेवणाच्या डब्यापाशी मामांनी विषय मिटवला. “रविवारी माझे हात खिशात राहणार. तू वाजव. यापुढे ह्यावर बोलायचं नाही.”

“मी आरसा झाकते. तुम्ही दिसलाच नाहीत तर प्रश्नच नाही.”

“ऐकायचं नाही असंच ठरवलंयस का?”

“तुमचीच भाची आहे.”

दुसऱ्या रविवारी तिने आरशावर खरोखरच रुमाल टाकला. पण आरसा झाकला म्हणून मन झाकता येत नाही. मामांनी हात वर केले असतील का, ह्या विचाराने ती दर ओळीला मान वळवून पाहू लागली. मागच्या बाकावरच्या एका आजीने मोजले, नऊ वेळा. तिने जितक्यांदा पाहिले तितक्यांदा मामांचे हात खिशात, कारण ती पाहते आहे हे त्यांनाही दिसत होते. मामी त्यांच्या शेजारी उभ्या, हात वर, डोळे मिटलेले. तीन ठिकाणी सूर चुकले. आणि पाळक केव्हाच आशीर्वाद द्यायला उभे राहिले होते ते तिला दिसले नाही, त्यामुळे शेवटचे गीत संपल्यावर त्याचे पहिले कडवे मंडळीला पुन्हा म्हणावे लागले. आशीर्वादासाठी वर केलेले हात पाळकांना मिनिटभर तसेच धरून उभे राहावे लागले.

“आज एकच गोष्ट बरी झाली,” मामी बाहेर म्हणाल्या. “पाळकसाहेबांच्या दंडांना व्यायाम झाला.”

ताई हसली नाही. ती सरळ दातांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांना पेटी वाजवता येते, आणि ऑर्गन ही त्यांच्या मते मोठी पेटीच. “तीन रविवार सांभाळाल का?” तिने विचारले.

“सांभाळीन की. पण मी जरा सावकाश वाजवतो.”

“माहीत आहे.”

मामांना हे घरी कळले तेव्हा ते पहिल्यांदाच तिच्यावर चिडले. “बारा वर्षं तू वाजवतेस. माझ्या हातांपायी तू तुझे हात बंद करणार? हा कुठला न्याय?”

“तुम्ही साठ वर्षं बंद ठेवलेत. मी तीन रविवार ठेवते.”

“अगं, हिला काहीतरी सांग,” मामा मामींना म्हणाले.

“मी काय सांगू? आजवर तुमच्या खुणेला ती कारण न विचारता थांबली, आता कारण सांगून थांबतेय. जेवायला बसा.”

तिसऱ्या रविवारी ताई इतक्या वर्षांत पहिल्यांदा उपासनेत बाकावर बसली, तिसऱ्या, मामांच्या बरोबर मागे. गीतासाठी उठल्यावर तिला आपल्या हातांचे काय करावे ते सुचेना. बारा वर्षे ते पट्ट्यांवर असत. बाजूला सोडले तर लोंबकळल्यासारखे वाटत. घडी घातली तर भांडायला आल्यासारखे. शेवटी तिने गीतपुस्तक दोन्ही हातांनी धरले, दांडे धरतात तसे.

डॉक्टरांनी शब्द पाळला: सावकाश म्हणजे सावकाशच. चार कडव्यांच्या गीताला अकरा मिनिटे लागली. मागच्या बाकावरच्या दोघींचा ठेका प्रत्येक ओळीत दोनदा बसून मोडला. एक सूर संपून दुसरा येईपर्यंत माणसाला आपली सगळी पापे आठवावीत इतकी सवड मिळे. मंडळी डॉक्टरांना ओढत होती, डॉक्टर मंडळीला.

तिसऱ्या कडव्याच्या शेवटच्या ओळीत मामींनी काठी ठेवली. चौथ्याच्या सुरुवातीला मामांचा उजवा हात खिशातून निघाला. मग डावा. कमरेपाशी ते थोडा वेळ घुटमळले. मामांनी मागे पाहिले नाही, ऑर्गनकडेही पाहिले नाही. आणि मग दोन्ही हात एकदम वर गेले, कोपरे ताठ, तळवे समोर.

ऑर्गन चालू राहिला. मंडळी गात राहिली. तिसऱ्या बाकावर ताईचे पुस्तक धपकन पायावर पडले आणि तिचे तोंड शब्दाच्या मध्येच बंद झाले.

ती तशीच उभी राहिली, हात मोकळे. तिच्याभोवती शंभर माणसे गात होती आणि समोर मामांचा पांढरा शर्ट खांद्यापाशी थरथरत होता. डॉक्टरांच्या कृपेने ते कडवे तीन मिनिटे चालले. तीन मिनिटे हात वर राहिले. ते खाली आल्यावरच तिचा आवाज सुटला, तेव्हा नेमके ‘आमेन’ आले होते. तेवढे तिने म्हटले.

बाहेर मामांनी खांदे दुखत असल्याचे तिघांना सांगितले, न विचारता.

सोमवारी सकाळी सहा पन्नासला रिकामा हूक एका रेघेवर थांबला. मामांनी ते दोनदा तपासले आणि शाबासकीचा अंगठा वर केला, जी खूण त्यांच्या यादीत नाही.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मंगळवारी पंचकमिटीकडे दोन अर्ज आले. पहिल्या अर्जात मागणी होती की, ताईंना ताबडतोब ऑर्गनवर परत बसवावे, कारण दुपारच्या जेवणाला उशीर होतो. त्यावर एकसष्ट सह्या. दुसऱ्या अर्जात मागणी होती की, मामांना उपासनेत हात वर करण्यापासून कोणीही, कोणत्याही कारणाने अडवू नये. त्यावर अठ्ठावन्न सह्या. पाळकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. सह्या बहुतेक त्याच होत्या. दातांच्या डॉक्टरांनी दोन्हींवर केली होती.

गुरुवारी संध्याकाळी सहाला बैठक सुरू झाली. मामा स्वतः कमिटीवर असल्याने आत होते. ताई आणि मामी बाहेर पायरीवर बसल्या. खिडकी उघडी होती, त्यामुळे ऐकण्यासाठी कान लावायची गरज पडली नाही. एकाने सुचवले, ऑर्गन उचलून मागे नेऊ. दुसऱ्याने सांगितले, तो दारातून आत कसा आणला ते आठवा. कुणीतरी म्हणाले, मामा चौदा महिन्यांनी निवृत्त होताहेत, तोवर धीर धरू.

“माझ्या खुब्याला विचारा चौदा महिन्यांचं,” मामी खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या. आतून कुणाचा तरी आवाज आला.

“मामी, तुम्ही बैठकीत नाही.”

“मी पायरीवर आहे. पायरीवरून बोलायला कुणाची मनाई आहे?”

ताईने गीतपुस्तक मांडीवर घेतले होते. बोटे त्याच्या पुठ्ठ्यावर आपोआप चालत होती, चौथे कडवे, तिच्या स्वतःच्या वेगाने. तिला ऑर्गन हवा होता, हे तिने कुणाला सांगितले नव्हते. मामींनी तिच्या बोटांकडे पाहिले आणि काठी दुसऱ्या बाजूला ठेवून थोड्या जवळ सरकल्या.

सव्वासातला आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “मला काही सांगायचंय,” मामा म्हणाले. “हाताची गोष्ट आहे म्हणून उभा राहून सांगतो.” मग कुणीतरी खिडकी लावून घेतली. काचेमागे मामांचा नुसता आकार दिसत होता. हात कुठे आहेत ते बाहेरून कळत नव्हते.

साडेसात वाजले तरी दार उघडले नव्हते.